काळा कोट, पांढरा गळपट्टा: वेल्सच्या धर्मोपदेशकांची तैलचित्रं

यावेळी स्पेक्ट्रम नाही, ग्राफ नाही. आज चित्रांबद्दल लिहितोय. आणि चित्रंही अशी की तुमच्यापैकी बहुतेकांना ती पहिल्या फटक्यात कंटाळवाणी वाटतील.

एक काम करा. 'आर्ट यूके' ही साइट उघडा. ब्रिटनमधल्या सार्वजनिक संग्रहांमधली दोन लाखांहून जास्त तैलचित्रं तिथे फुकट पाहता येतात. त्यात अबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सचा संग्रह शोधा आणि एकोणिसावं शतक निवडा. थोडं खाली स्क्रोल केलंत की काळ्या कोटातली, गळ्याला पांढरं फडकं गुंडाळलेली माणसं एकामागून एक यायला लागतील. मागे तपकिरी अंधार, चेहरा गंभीर, तोंड घट्ट मिटलेलं, जवळ कुठेतरी पुस्तक. बहुतेक जण धर्मोपदेशक. वीस-पंचवीस चित्रं झाली की तुम्ही म्हणाल, सगळी सारखीच आहेत की!

हे 'सगळं सारखंच आहे' संशोधनाच्या पहिल्या वर्षात फार वेळा वाटतं. पन्नास पेपर वाचले तरी सारखेच, शंभर सॅम्पल पाहिली तरी सारखीच. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की कुठे बघायचं हे अजून आपल्याला कळलेलं नाही. म्हणून ही चित्रं निवडली. माझं शिक्षण रसायनशास्त्रात झालंय, कलेच्या इतिहासात नाही. तरी या चित्रांवर माझं एक मत आहे, आणि ते मी पुराव्यानिशी मांडणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एकोणिसाव्या शतकातल्या वेल्समध्ये धर्म म्हणजे मुख्यतः चॅपल. इंग्लंडचं अधिकृत अँग्लिकन चर्च तिथे होतं, त्याचे बिशप होते, जमिनी होत्या, पण लोक तिथे फारसे जात नव्हते. १८५१ च्या धार्मिक जनगणनेत वेल्समधल्या उपासकांपैकी साधारण ८० टक्के अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांचे निघाले, म्हणजे कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे. या पंथांचे धर्मोपदेशक जमीनदारांच्या घरातले नव्हते. जॉन इलायस विणकाम करायचा. टालीसार्नचा जॉन जोन्स स्लेटच्या खाणीत काम करत होता. ख्रिसमस इव्हान्स शेतावर राबणारा पोरगा, सतराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे हीच माणसं उघड्या माळावर हजारोंच्या जमावापुढे बोलू लागली. त्या बोलण्याला वेल्श भाषेत एक खास शब्द आहे, 'हूइल'. प्रवचन रंगात आलं की वक्त्याचा आवाज गाण्याच्या काठावर जातो आणि समोरचा जमाव त्याच्याबरोबर वाहत जातो, ती अवस्था.

आता अडचण बघा. या माणसाचं सगळं मोठेपण त्याच्या आवाजात आहे. आणि चित्राला आवाज नसतो.

त्यात हा पंथ कॅल्व्हिनचा वारसा सांगणारा. त्यांच्या चॅपलमध्ये मूर्ती नाही, संतांची चित्रं नाहीत, वेदीवर काही नाही. पांढऱ्या भिंती आणि मधोमध प्रवचनाचं व्यासपीठ. प्रतिमांबद्दल इतका संशय बाळगणाऱ्या लोकांनी पैसे गोळा करून आपल्या धर्मोपदेशकांची तैलचित्रं काढून घेतली, ती सभागृहात टांगली, त्यांचे छापील कोरीव नमुने घरात लावले. हे विचित्र आहे, आणि मला वाटतं चित्रकारांनाही त्याची जाणीव असावी. कारण चित्रांत एक अवघडलेपण आहे. हात कुठे ठेवायचे हे कळत नसल्यासारखे ते बसलेले असतात. या अवघडलेपणाला सरसकट 'कौशल्य नाही' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. काही चित्रांत ते खरंही आहे. सगळ्यांत नाही.

विल्यम रूसचं एक चित्र घेऊ. रूस अँगलसी बेटावरच्या आम्लुखजवळचा, जन्म १८०८. १८३५ मध्ये त्याने ख्रिसमस इव्हान्सचं तैलचित्र काढलं. त्यावेळी रूसचं वय सव्वीस-सत्तावीस, म्हणजे आपल्यातले बरेच जण पीएचडीच्या मधल्या वर्षांत अडकलेले असतात त्या वयाचा. समोर बसलेला म्हातारा अडुसष्ट-एकोणसत्तरचा, बॅप्टिस्टांचा सगळ्यात गाजलेला वक्ता, नुकताच काइर्नार्व्हनला येऊन राहिलेला. पुढे तीन वर्षांनी, १८३८ मध्ये, चॅपलच्या कर्जासाठी पैसे जमवत फिरत असतानाच स्वॉन्झीला तो वारला.

ख्रिसमस इव्हान्सला एकच डोळा होता. तरुणपणी झालेल्या हल्ल्यात दुसरा गेला. लंडनच्या एखाद्या सरावलेल्या व्यक्तिचित्रकाराने काय केलं असतं? चेहरा बाजूला वळवला असता, किंवा त्या बाजूला सावली टाकली असती. गिऱ्हाइकाला खूश ठेवायची ही जुनी युक्ती. रूसने तसं केलं नाही. मिटलेला डोळा समोर आहे, आणि दुसरा डोळा तुमच्याकडे बघतोय. मला हे चित्र आवडतं ते यासाठी. कोट सपाट आहे, खांद्याची रचना जेमतेम आहे, शरीराला वजन नाही. पण त्या चेहऱ्याकडे बघताना, या माणसाने जमावाला रडवलं असेल यावर विश्वास बसतो. आवाज दाखवता येत नाही म्हणून रूसने नजर दाखवली. हा पर्याय त्याने जाणूनबुजून निवडला की नाही, यावर मी वाद घालणार नाही. चित्रात तो आहे एवढं पुरे.

याच्या शेजारी ह्यू ह्यूज ठेवून बघा. जन्म १७९०, लँडुडनोजवळचा. लिव्हरपूलला खोदकाम शिकला. १८२३ चं त्याचं 'द ब्युटीज ऑफ केंब्रिया' हे पुस्तक म्हणजे वेल्सच्या निसर्गदृश्यांचे साठ लाकडी ठसे, आणि ते खरोखर सुंदर आहेत. तैलचित्रांत मात्र त्याच्यातला खोदकामगार लपत नाही. कडा धारदार, नाकाची रेघ स्पष्ट, कपड्याच्या घड्या मोजून घ्याव्यात अशा. ब्रश हातात असूनही माणूस छिन्नीनेच विचार करतोय. आपल्याकडेही असं होतं ना? फिजिक्समधून बायॉलॉजीत आलेला विद्यार्थी पेशीकडेसुद्धा समीकरण शोधत बघतो. त्यात वाईट काही नाही. ह्यूजची माणसं त्या रेघांमुळेच लक्षात राहतात.

आणि ह्यूज बाहेरून आलेला चित्रकार नव्हता. तो स्वतः कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट, कार्मार्थनच्या डेव्हिड चार्ल्सचा जावई. हे डेव्हिड चार्ल्स म्हणजे बालाच्या प्रसिद्ध थॉमस चार्ल्सचे धाकटे भाऊ. म्हणजे पंथाच्या अगदी आतल्या घरातला माणूस. पण कॅथलिकांना नागरी हक्क द्यावेत या अर्जाला पाठिंबा दिला म्हणून लंडनच्या ज्युइन चॅपलमधून काही लोकांना काढून टाकलं, त्यात ह्यूजही होता. १८२९ च्या कायद्याच्या आसपासची ही गोष्ट. त्या कारवाईमागे जॉन इलायसचं वजन होतं. या इलायसला लोक 'अँगलसीचा पोप' म्हणायचे, कॅथलिकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या माणसाला! तर अशा माणसाने काढलेली धर्मोपदेशकांची चित्रं 'भक्तिभावाने काढलेली' असं एका ओळीत संपवता येत नाहीत. त्याला ही माणसं घरातून, जवळून आणि नको इतकी माहीत होती.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या चित्रांना चांगलं म्हणायचं की वाईट?

बराच काळ उत्तर ठरलेलं होतं: वाईट. नाही तर उत्तरच नव्हतं, कारण कोणी बघतच नव्हतं. वेल्समध्ये गाणं आहे, कविता आहे, चित्रकला नाही, हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलं की तो डेटा आहे असं लोकांना वाटायला लागलं. पीटर लॉर्ड या इतिहासकाराने ते फोडलं. १९९२ चं 'द एस्थेटिक्स ऑफ रेलेव्हन्स', १९९५ चं ह्यू ह्यूजवरचं वेल्श पुस्तक, आणि मग 'व्हिज्युअल कल्चर ऑफ वेल्स'चे तीन जाडजूड खंड. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर असं: तुम्ही चुकीचं उपकरण वापरताय. लंडनच्या रॉयल अकॅडमीची पट्टी घेऊन मोजलंत तर वेल्समध्ये शून्यच येणार, कारण ती पट्टी त्याच गोष्टी पकडते ज्या लंडनमध्ये होत्या. डिटेक्टरला सिग्नल आला नाही म्हणजे पदार्थ नाही असं होत नाही, हे आपण बीएस्सीला शिकतो. लॉर्डने चित्रकलेत हेच सांगितलं. गावोगाव फिरून काम करणारा कारागीर-चित्रकार, त्याचं गिऱ्हाईक आणि त्या समाजाची गरज हे सगळं एकत्र पाहा, मग चित्र कळेल.

हे काम मोठं आहे. ते झालं नसतं तर मी आज हा लेख लिहूच शकलो नसतो.

पण माझी एक तक्रार आहे. 'हे चित्र त्याच्या समाजासाठी महत्त्वाचं होतं' हे मान्य केलं की 'हे चित्र चांगलं आहे का' हा प्रश्न मागे पडतो. दोन प्रश्न वेगळे आहेत. समाजाला महत्त्वाचं वाटलेलं चित्रही लाकडासारखं असू शकतं, आणि यातली कित्येक आहेत. कारागीर म्हणून सवलत देत गेलो तर ह्यूजची धारदार रेघ आणि एखाद्या तिसऱ्याच माणसाचं नुसतं गिरवणं यांत फरक करायची क्षमताच आपण घालवून बसतो. लंडनची पट्टी टाकली ते योग्यच, पण पट्टीच नको असं नाही. दुसरी हवी. माझी साधी पट्टी अशी: चित्रकाराने साच्यातून किती बाहेर पडून समोरच्या माणसाकडे पाहिलं? काळा कोट, पांढरा गळपट्टा, पुस्तक हा साचा झाला. त्या साच्यात रूसच्या चित्रातला बंद डोळा बसत नाही, म्हणून तो मोलाचा.

उलट टोकाला बिशपांची चित्रं बघा. तीही वेल्सच्या धर्मगुरूंचीच. पांढऱ्या झगमगीत बाह्या, भारी खुर्ची, नावाजलेले चित्रकार, हात सुरेख रंगवलेले. कौशल्यात रूस-ह्यूज त्यांच्या जवळपासही नाहीत. आणि तरी ही चित्रं कुठलीही असू शकतात. ती वेल्समधली आहेत हे सांगणारं त्यांत काही नाही. यात नवल नाही, कारण अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून १८७० मध्ये जोशुआ ह्यूज सेंट आसाफला येईपर्यंत वेल्सच्या गाद्यांवर वेल्श बोलणारा माणूस नेमलाच गेला नाही. सेंट डेव्हिड्सचे बिशप कॉनप थर्लवॉल हे इंग्रज, १८४० मध्ये आल्यावर वेल्श शिकले, त्याचंही कौतुक झालं यावरून कल्पना करा.

गंभीर चेहऱ्यांमागे राजकारणही आहे. १८४७ मध्ये वेल्समधल्या शिक्षणावरचा सरकारी अहवाल आला. तीन इंग्रज आयुक्त, तिघांनाही वेल्श येत नव्हतं. अहवालाने लोकांच्या भाषेवर, चॅपलवर आणि बायकांच्या चारित्र्यावरसुद्धा ठपका ठेवला. वेल्समध्ये आजही त्याला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. ह्यू ह्यूजने १८४८ मध्ये व्यंगचित्रं छापून त्या आयुक्तांची टर उडवली. त्यानंतरच्या चित्रांतलं सभ्यपण मला जास्त ताठर वाटतं. 'आम्ही रानटी नाही' हे सिद्ध करायचं ओझं त्या काळ्या कोटावर आलंय. हे माझं वाचन आहे, आणि ते तपासायला तारखा पक्क्या असलेली बरीच चित्रं १८४७ च्या दोन्ही बाजूंनी मांडावी लागतील. कोणाला प्रोजेक्ट हवा असेल तर घ्या.

आता थोडं माझ्या प्रांतातलं. 'कोट सपाट आहे' असं मी वर रूसबद्दल लिहिलं. पण थांबा. ते सपाटपण १८३५ चं आहे की आजचं? तैलरंगातले काळे आणि तपकिरी भाग काळाबरोबर अजून गडद होतात. वरचं व्हार्निश पिवळं पडतं. त्या काळात सावल्यांसाठी बिट्युमेन वापरायची फॅशन होती. तो डांबरासारखा पदार्थ कधी नीट वाळतच नाही, काळा पडतो आणि मगरीच्या कातडीसारख्या भेगा पाडतो. त्यात ही चित्रं दमट सभागृहांत, कोळशाच्या शेगडीजवळ टांगलेली. गळपट्टा मात्र टिकतो, कारण तो शिसेपांढऱ्याने रंगवलेला, आणि तेलातला शिसेपांढरा चिवट असतो. म्हणजे 'काळा ठोकळा आणि वर तरंगणारं डोकं' हा जो परिणाम आपल्याला दिसतो, त्यातला काही भाग चित्रकाराचा आणि काही भाग रसायनाचा.

मग वेगळं कसं करायचं? प्रयोगशाळेत नेलं तर क्ष-किरणांत शिशाचे भाग उजळ दिसतात, इन्फ्रारेडमध्ये गडद थराखालचं कोळशाचं रेखाटन दिसू शकतं. पण त्याआधी एक स्वस्त उपाय आहे. या चित्रांवरून त्याच काळात छापे काढले जायचे, रूस स्वतःही कोरीव काम करायचा. कागदावरची शाई तैलरंगासारखी गडद होत नाही. छाप्यात कोटाच्या घड्या दिसत असतील आणि कॅनव्हासवर नसतील, तर त्या काळाने खाल्ल्या असण्याची शक्यता आहे. अर्थात खोदकाम करणारा स्वतःच्या मनानेही घड्या घालू शकतो. म्हणून एक छापा पुरावा होत नाही. एकाच चित्राचे दोन वेगळ्या हातांचे छापे मिळाले तर ती खरी मजा.

कॅनव्हासची मागची बाजूही बघायला शिका. रंगसाहित्य विकणाऱ्यांचे शिक्के तिथे असतात. विन्सर अँड न्यूटन १८३२ ला सुरू झाली, म्हणजे तो शिक्का असलेला कॅनव्हास त्याआधीचा नाही. मापंही ठरलेली, ३० बाय २५ इंच हे सगळ्यात चालणारं. त्यात डोकं आणि खांदे बसतात, हात सहसा बाहेर राहतात. मोठ्या मापाला जास्त पैसे. तेव्हा हात नाहीत म्हणजे हात काढता येत नव्हते असं लगेच म्हणू नका, वर्गणीच कमी पडली असेल.

हा सगळा बाजार फोटोग्राफीने बसवला. जॉन थॉमस हा लिव्हरपूलला राहणारा वेल्श माणूस प्रसिद्ध व्यक्तींचे छोटे फोटो विकत फिरायचा, आणि त्यात वेल्श चेहरे जवळपास नाहीत हे त्याला खटकलं. १८६३ मध्ये त्याने गाजलेल्या धर्मोपदेशकांना फोटोला बोलवायला सुरुवात केली. त्याच्या तीन हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज नॅशनल लायब्ररीत आहेत. तैलचित्रं नंतरही निघत राहिली, पण बरीचशी मानपत्राबरोबर द्यायची भेट म्हणून.

जाता जाता आपला संबंध. याच चॅपलवाल्यांनी १८४० मध्ये मिशन काढलं आणि १८४१ मध्ये थॉमस जोन्स खासी टेकड्यांत पोचला. खासी भाषा रोमन लिपीत लिहायची पद्धत त्याने घातली. तो माँटगोमरीशायरचा. त्याच परगण्यातल्या लानव्हायर काइरेनियनचा जॉन ग्रिफिथ्स १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला आणि विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्या प्रतींचं ग्रंथरूप १८९६-९७ मध्ये आलं. वेल्समध्ये चित्रकला नाही म्हणणाऱ्यांनी हेही विचारात घ्यायला हवं, नाही का?

आता सॅम्पलचा प्रश्न, जो मला सगळ्यात जास्त छळतो. आपण जी चित्रं पाहतो ती संग्रहालयांपर्यंत पोचलेली आहेत, म्हणजे नाव मोठं असलेल्यांची. रविवारच्या शाळा चालवणाऱ्या बायका यांत जवळपास नाहीत, कारण त्यांची चित्रं काढायला कोणी वर्गणी गोळा केली नाही. आणि लहान गावांतल्या उपदेशकांची चित्रं अजून चॅपलमध्येच असतील, तर त्यांतली बरीच कोणत्याही सूचीत नसणार. वेल्समध्ये सहा हजारांहून जास्त चॅपल बांधली गेली आणि आता ती भराभर बंद होतायत. इमारत घर म्हणून विकली जाते, बाकं लिलावात जातात. भिंतीवरचं चित्र खाली उतरतं तेव्हा 'हे अमुक' असं सांगणारी म्हातारी मंडळीही उरलेली नसतात. मग विक्रीच्या यादीत छापतात: अज्ञात धर्मोपदेशक, तैलरंग, एकोणिसावं शतक.

अशा एखाद्या 'अज्ञात'चा फोटो तुमच्यासमोर आला, तर पहिल्यांदा मागच्या बाजूचा फोटो मागा. लाकडी चौकटीवर पेन्सिलीने लिहिलेलं नाव किंवा गाव असू शकतं. नसेल तर शिक्का आणि माप टिपा, कोटाची कॉलर बघून दशक ठरवा. मग त्या दशकातल्या वेल्श मासिकांतली कोरीव चित्रं एकेक करून जुळवायला बसा. नॅशनल लायब्ररीने ती मासिकं मोठ्या प्रमाणात स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. वेल्श येत नसलं तरी चित्राखालचं नाव वाचता येतं.